डाव्या कडेची पट्टी

अहमदनगर,
९ जानेवारी १९७२

गोरक्ष भाऊजी,

कुलूप काढून किल्ली पदराला बांधली. शेडचं दार ओढलं, ते नेहमीसारखं अर्ध्यात अडलं, मग खांद्याने ढकललं. मशीनखालची कातरण गोळा करून पोत्यात भरली. झाडून घेतलं. बादलीतून तांब्या तांब्या पाणी घेऊन दारापासून आतपर्यंत शिंपडलं. स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. गूळ संपला होता, रंगुबाईकडून खडा मागून आणला. आठाला तुम्ही आलात, दाराबाहेर चपला काढल्यात, मशीनला हात लावून तो कपाळाला लावलात आणि म्हणालात, "वैनी, आज चहात आलं टाका. घसा धरलाय."

चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या दिवसाची मला आधी ही सकाळ आठवते. पुढचं आठवत नाही असं नाही. ते दोघांनाही पाठ आहे, पण मी बोलले आणि तुम्ही ऐकलंत, म्हणून ते लिहून काढण्याचं काम माझं.

दहाला पुण्याचा ट्रक आला आणि आपला माल, कापलेल्या कागदी पट्टीच्या चकत्या, तिसऱ्यांदा परत आला. चिठ्ठीत लिहिलं होतं की पट्टी पंचवीस मिलिमीटर हवी, डाव्या कडेच्या चकत्या अरुंद आहेत, तारेवर कागद गुंडाळला की मधे तांबं उघडं राहतं, आणि अशा तारेची मोटार विहिरीवर जळते. तुम्ही म्हणालात, "मी मोजून दिलीय. पंचवीसच हुती." मालकांनी, मार्तंडरावांनी, सगळ्यांदेखत मोजली. साडेचोवीस भरली. मशीनची डावी पाती तुम्ही बसवायचात, उजवी तुमचे दादा बसवायचे, आणि दादा जाऊन सहा महिने झाले होते. सगळे तुमच्याकडे बघू लागले. मी हातात किटली घेऊन उभी होते. अकरा माणसांसमोर मी बोलले, "हे हुते तवर एक चकती परत आली न्हाई. तुमचा हात सरळ न्हाई भाऊजी, आन् जीभ बी न्हाई."

तुम्ही दादांचं मोजायचं व्हर्निअर खिशात घातलंत आणि चहा न पिता निघून गेलात. पुढे कळलं की स्टेशन रोडच्या दोन कारखान्यांत तुम्ही काम मागायला गेलात, पण माझं वाक्य तुमच्या आधी तिथे पोचलं होतं. मग तुम्ही पुष्पावतीला घेऊन बेलापूरला गेलात आणि सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीत बसलात. पाती बसवणारा माणूस जोंधळा दळतो आहे, हे मला रंगुबाईने सांगितलं. सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आता बातमी. तुमच्या जागेवर पारनेरचा सहादेव आला आहे. देवमाणूस. पातं बसवताना श्वास धरतो. नंतर विडी ओढतो आणि तो धरलेला श्वास सगळा सोडतो. त्याच्याही डाव्या कडेच्या चकत्या परत आल्या. दोनदा.

पहिल्यांदा आल्या तेव्हा सहादेव म्हणाला, "मी मोजून दिलीय, पंचवीसच हुती." अक्षर न् अक्षर तुमचं. माझ्या हातून बशी निसटली. फुटली नाही, स्टीलची होती.

मार्तंडराव आता तिसरा माणूस आणायचं म्हणत होते. मी म्हटलं, माणसं बदलून झाली, आता कागदाकडे बघू या का. ते म्हणाले, "चांगुणाबाई, तुम्ही चहाकडे बघा." तेव्हापासून मी कागदाकडे बघते आहे.

शेडमधलं व्हर्निअर वाचायला मी शिकले. तीन महिने लागले. किराण्याच्या पुड्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले तेव्हा तुम्ही आणि दादा हसायचात, की वैनी गूळ आणायला गेली आणि निम्मी बातमी घेऊन आली. आता वाचनालयातून आठवड्याला एक पुस्तक आणते. तिथले गृहस्थ अजून विचारतात, कोणासाठी नेता. त्यामानाने व्हर्निअर सोपं. त्यात कोणी मरत नाही आणि शेवट आधीच कळतो.

पाकिटात तीन पट्ट्या आहेत, एकाच रिळाच्या. डाव्या कडेची, मधली, उजव्या कडेची. मागे पेन्सिलीने लिहिलं आहे. मशीनवरून उतरल्या उतरल्या मी त्या मोजल्या. माझे आकडे सांगत नाही, सांगितले तर तुम्हाला वाटेल मी पुन्हा तुमच्या तोंडून काहीतरी वदवून घेते आहे. तुम्ही दादांच्या व्हर्निअरने मोजा. वाटलं तर कळवा, नाही वाटलं तर पट्टीने पुष्पावतीच्या लोणच्याच्या बरणीचं तोंड बांधा, कागद चांगला आहे.

तिळगूळ पाठवत नाही. तुम्ही परत पाठवाल आणि मधल्यामधे पोस्टमन खाईल.

चांगुणा


अहमदनगर,
३० जानेवारी १९७२

गोरक्ष भाऊजी,

तुमचं कार्ड आलं. नमस्कार नाही, खाली सही नाही. नुसते तीन आकडे. २४.६, २५, २५. पोस्टमन म्हणाला, "बाई, ही काय मटक्याची चिठ्ठी हाय का?" मी म्हटलं, "व्हय. आन् लागलाय."

मी कार्ड घेऊन शेडपर्यंत पळत गेले. पन्नाशीला आलेली बाई नगरच्या रस्त्याने पळाली की लोक बाजूला होतात, त्यांना वाटतं कुठेतरी आग लागली. रंगुबाई रिळाचं वेष्टण सोडत होती. म्हणाली, "काय गं, बारसं हाय का कुणाचं?" मी म्हटलं, "तीन आकडे आले." ती म्हणाली, "तिळं? अरे देवा."

आता माझे आकडे सांगते. तिन्ही पट्ट्या इथे मोजल्या तेव्हा पंचवीस होत्या. तिन्ही. तुम्हाला बेलापुरात डाव्या कडेचीच अरुंद मिळाली. म्हणजे पट्टी पोस्टाच्या थैलीत आकसली. म्हणजे ती कापली तेव्हा फुगलेली होती.

हे लिहिताना मला बसवत नाही. तुम्ही मोजून दिली होती आणि ती पंचवीस होती. तुम्ही खरं बोलत होतात. मार्तंडरावांनी मोजली तेव्हा ती पुण्याला जाऊन, वाळून, परत आली होती. तेही खोटं मोजत नव्हते. खोटं फक्त माझं वाक्य होतं.

मी मार्तंडरावांसमोर तुमचं कार्ड ठेवलं आणि शेजारी माझी वही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग स्वतःशीच म्हणाले, "कागद पाणी पितो." मग मोठ्याने म्हणाले, "कागद पाणी पितो, चांगुणाबाई." जणू मीच त्यांना इतके दिवस सांगत नव्हते.

मग आम्ही रिळं बघितली. तुम्हाला ठाऊक आहे, पण मी शिकले म्हणून लिहिते. रीळ आडवं ठेवलं तर घरंगळतं, म्हणून फरशीवर उभं ठेवतात. मशीनवर चढवताना साखळीने उचलून नेहमी एकाच बाजूला पाडतात, म्हणून रिळाची खालची बाजू नेहमी मशीनच्या डावीकडे येते. रंगुबाईच्या डबीतलं कुंकू घेतलं आणि चार रिळांना खालच्या कडेला बोट लावलं. माझ्याकडे डबी नाही, हे ती विसरली आणि म्हणाली, "तुझं संपलं का?" मग तिच्या लक्षात आलं. मी म्हटलं, "संपलं." आणि दोघी कामाला लागलो. कुंकवाची बाजू चारही वेळा डावीकडे आली. सहादेवने खालच्या कडेवर हात फिरवला. म्हणाला, "पापडावानी वळलीय बघा. हितं ताण धरत न्हाई, सैल जातीय. मला वाटायचं माझाच हात थकतो." त्याचे डोळे भरले होते. विडी पेटवायला तो बाहेर गेला.

तर आता प्रश्न असा की ओल येते कुठून.

छप्पर कोरडं आहे. शेजारी चुन्याची वखार, तिथे पाणी नाही. मार्तंडराव म्हणाले फरशीखाली झरा असणार. काल त्यांनी पाणाड्या आणला. तुम्ही इथे हवे होतात. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, डोळे मिटले, आणि शेडभर फिरला. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. मशीनजवळ, रिळं ठेवतात तिथे, नारळ उभा राहिला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पाणाड्या म्हणाला, "हितं हाय. चाळीस फुटावर. गोडं."

सहादेव म्हणाला, "मालक, मशीन इका आन् मोट बांधा."

"रिळांच्या जागी ऊस लावू," रंगुबाई म्हणाली.

मार्तंडराव हसले नाहीत. घराण्यात चार पिढ्या भिक्षुकी आणि शिक्षकी, पाणी लागलेला पहिला माणूस तेच. संध्याकाळपर्यंत गल्लीतली तीन माणसं विचारून गेली की विहीर खणली तर घागरभर मिळेल का. या वर्षी सगळ्यांनाच पाण्याची काळजी आहे. मार्तंडरावांनी तिघांनाही हो म्हटलं. तिघांना हो म्हणताना त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला तिथे थांबवेना.

ओल कुठून येते ते त्या पाणाड्यालाच ठाऊक. माझं सध्या कामात लक्ष नाही, काल चहात दोनदा साखर पडली. कारण काही नाही.

चांगुणा


अहमदनगर,
१३ फेब्रुवारी १९७२

गोरक्ष भाऊजी,

मागच्या पत्रात "कारण काही नाही" असं लिहिलं ते खोटं होतं. ते पत्र टाकलं तेव्हाच मला माहीत होतं. पाणाड्याचा नारळ उभा राहिला तेव्हाही माहीत होतं. तो जिथे उभा राहिला तिथे सकाळी मीच पाणी ओतलं होतं, आणि फरशी अजून ओली होती.

रंगुबाई बोलली म्हणून कळलं. त्याच सकाळी, पाणाड्या यायच्या आधी, ती वेष्टणं सोडताना म्हणाली, "चांगुणे, दिवाळीनंतर तू आईला बघायला पारनेरला गेलतीस, धा-बारा दिवस, त्या टायमाचा माल तेवढा परत आला न्हाई बघ." तिने सहज म्हटलं. मला मात्र माझा तांब्या दिसला, बादली दिसली, आणि दारापासून आतपर्यंत माझा हात दिसला.

मी सडा टाकत होते भाऊजी. रोज. फरशी धुळीची म्हणून दोन तांबे पुरतात, मी अर्धी बादली टाकायचे. रिळांच्या बुडाशी पाणी जायचं, ती तिथे आठ-आठ दिवस उभी असायची, खालून पीत बसायची.

तुम्हाला सांगायला हवं की का. दादा गेले आणि मी बुरूडगल्लीतली आपली खोली सोडली. आता राहते तिथे दार एकच, आणि सडा टाकायचा मान घरमालकिणीचा. पहिल्या दिवशी मी बादली घेऊन बाहेर आले तर ती म्हणाली, "राहू द्या, तुम्ही नका." सरळ म्हणाली, वाईट बोलली नाही. मी बादली आत नेली. दोन महिन्यांनी मार्तंडरावांनी मला कामावर घेतलं, किल्ली दिली. पहिल्या सकाळी शेडमध्ये कोणी नव्हतं. मशीनच्या उजव्या बाजूला, हे जिथे उभे राहायचे तिथे फरशी पायाने गुळगुळीत झालेली आहे, तुम्ही बघितली असेल. मी तिथे पाणी शिंपडलं. मला बरं वाटलं. मग रोजच शिंपडलं. मार्तंडरावांना शिंका येतात, धूळ बसते, असं सगळ्यांना सांगायचे. धूळ बसत होती हेही खरं.

दादा होते तोवर एक चकती परत आली नाही, असं मी तुम्हाला म्हटलं होतं. ते बरोबर होतं. दादा होते तोवर मी शेडमध्ये नव्हते.

हे कळलं त्या दिवशी घरी आले आणि बसून राहिले. रडू यायला हवं होतं. पण मला हसू आलं, खूप. एवढा शोध लावला, व्हर्निअर शिकले, आकडे मागवले, रिळांना कुंकू लावलं, आणि चोर म्हणून सापडले ती मी. दादा असते तर जेवताना पाणी नाकात जाईपर्यंत हसले असते. दोन आठवडे मी असं एकटीच हसते आहे. घरमालकीण विचारत होती, काही आनंदाची बातमी का. मी हो म्हटलं, कारण आहेच. तुमचा हात सरळ होता. सहादेवचा सरळ आहे. कोणाचाच वाकडा नव्हता.

पाणी टाकणं मी तीस तारखेपासून बंद केलं आहे. सहादेवला सांगून रिळांखाली फळ्या टाकून घेतल्या आहेत. म्हटलं, झऱ्याची ओल नको लागायला. त्यालाही काही सांगितलं नाही. मार्तंडरावांनाही नाही. मला काढतील ही भीती आहे, ते लपवत नाही. माझ्याकडे तेवढंच एक दार आहे, ज्याची किल्ली माझ्या पदराला आहे.

काय करू ते सांगा. तुम्ही सांगाल ते करते. अन्याय तुमच्यावर झाला आहे.

चांगुणा


अहमदनगर,
५ मार्च १९७२

गोरक्ष भाऊजी,

तुमचं दुसरं कार्ड: "अकरा जणांसमोर बोललात. अकरा जणांसमोर सांगा. मग बघू." यात शब्द सहा आहेत आणि आकडा एकच, दोनदा. प्रगती आहे.

मी अकरा जण मोजले. मार्तंडराव, कारकून, रंगुबाई आणि तिच्या बरोबरच्या तिघी, मशीनवरचे दोघे, पुण्याचा ड्रायव्हर, त्याचा क्लीनर. हे दहा. अकरावा पुंजाराम, तेव्हा हमाली करायचा तो. म्हटलं, ट्रक येईल त्या दिवशी सांगायचं, म्हणजे ड्रायव्हर-क्लीनरही सापडतील.

ट्रक गुरुवारी आला. मार्तंडरावांनी चिठ्ठी उघडली आणि खुर्चीवरून उठले. फेब्रुवारीचा सगळा माल पास झाला होता. एकही चकती परत नाही, वर पुढची मागणी. त्यांनी क्लीनरला पेढे आणायला पिटाळलं आणि तो परतल्यावर सगळ्यांना गोळा केलं. मला वाटलं, बरं झालं, मला गोळा करावं लागलं नाही. पण ते बोलायला लागले तर पाणाड्याबद्दल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांनी त्याच्या सांगण्यावरून नारळ फोडून झऱ्याची पूजा केली होती, झऱ्याला बाजूने जायची विनंती केली होती, आणि झरा बाजूने गेला होता. पुढच्या सोमवारी अंगणात विहिरीला कुदळ मारायची, असं त्यांनी जाहीर केलं. गल्लीतले तिघे दारात उभे होते, घागरी नव्हत्या एवढंच.

आता न बोलले तर त्या अंगणात खड्डा पडणार. मी किटली खाली ठेवली. या वेळी हात मोकळे हवे होते.

मी म्हटलं, "मालक, झरा न्हाई. मी हाय."

मार्तंडराव म्हणाले, "तुम्ही कुठे, चांगुणाबाई?"

"फरशीवरचं पाणी. ते मी टाकत हुते. रोज सकाळी, अर्धी बादली. रिळं खालनं प्यायची. तीस तारखेला बंद केलं, म्हणून माल पास झाला." मग मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पंधरा-सोळा म्हैन्यामागं मी हितंच उभी राहून म्हणले हुते की गोरक्ष भाऊजींचा हात सरळ न्हाई आन् जीभ बी न्हाई. दोन्ही सरळ हुतं. वाकडी मी हुते. आयकलंत ना सगळ्यांनी?"

मशीन बंद होतं, बाहेर ट्रकचं इंजिन निवताना टकटक करत होतं.

मग ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मी त्या दिवशी चहा पीत हुतो. मला ठावंच न्हाई काय झालतं." मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, भांडणासकट. माफी मागायची तर आधी अपराध नीट सांगावा लागतो. त्याने बारीक बारीक चौकशी केली. तुमच्या बाजूने त्याला फार वाईट वाटलं.

मार्तंडराव खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "दीड वर्ष. दीड वर्ष मी पाती घासून घेतली, शाफ्ट पुण्याला पाठवून तपासून आणला, एक चांगला माणूस घालवला. आणि तुम्ही रोज सकाळी तांब्याने..."

रंगुबाई म्हणाली, "तरी पाणाड्या खोटा न्हाई म्हणायचा. हितं पाणी हाय म्हणला. हुतंच की."

"गोडंच हुतं," सहादेव म्हणाला. "नळाचं."

पहिल्यांदा क्लीनर हसला, पेढ्यांचा पुडा तसाच हातात धरून. मग बायका. मग कारकून, ज्याला मी कधी हसताना बघितलं नव्हतं, त्याचे वरचे दोन दात नाहीत. मार्तंडराव बराच वेळ धरून बसले होते. मग त्यांना शिंक आली, मग दुसरी, आणि तिसऱ्या शिंकेत हसू मिसळलं ते थांबेचना. दारातल्या तिघांना काही कळलं नाही, पण तेही हसत होते. पेढे त्यांनाही मिळाले.

मला काढलं नाही. मार्तंडराव म्हणाले, "काढून काय करू, उद्या दुसरी बाई येईल, तीही सडा टाकेल. तुम्हाला निदान कागद काय पितो ते माहीत आहे." आता रिळं माझ्या ताब्यात दिली आहेत. आल्याबरोबर वेष्टणासकट फळीवर, मशीनवर चढवण्याआधी दोन्ही कडांवर हात फिरवायचा, सैल कड दिसली तर आठ दिवस वाळू द्यायची, आणि पट्टी मशीनवर मोजायची ती मोजायचीच, पण एक चकती खिडकीत रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजायची. हा शेवटचा नियम माझा. सहादेवला तो आवडतो. म्हणतो, "माणूस बी असाच मोजाया पायजे. एकदा वला, एकदा वाळलेला."

तुमच्या जागेचं मी विचारलं नाही, ते मागणं माझ्या तोंडी शोभलं नसतं. सहादेवनेच काढलं. म्हणाला, "मालक, डावी बाजू त्यांची. मी उजवी धरतो." मार्तंडरावांनी कारकुनाकडे बघितलं, कारकुनाने छताकडे, आणि मार्तंडराव म्हणाले, "त्यांना कळवा. यायचं की नाही ते ते ठरवतील, आणि नाही आले तर माझं काही म्हणणं नाही, माझंही तोंड नाही." निरोप होता तसा लिहिला आहे. त्यात माझा शब्द घातला नाही. स्टेशन रोडच्या त्या दोन कारखान्यांतही मार्तंडराव स्वतः जाऊन आले, कोट घालून.

उजव्या बाजूची ती गुळगुळीत फरशी, तिथे आता सहादेव उभा राहतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. आता बघते. त्याचे पायही तिथेच बरोबर बसतात. कोणाचेही बसतील, मशीनच तसं आहे. दादांची आठवण मला काही शेडमध्ये जाऊन काढावी लागत नाही, ती बरोबरच असते. हे मला उशिरा कळलं.

तर दहा जणांसमोर झालं. गुरुवारी संध्याकाळी मी कुलूप लावत होते तेव्हा रंगुबाई म्हणाली, "झालं बाई एकदाचं." मी म्हटलं, "पुंजाराम राह्यला." ती म्हणाली, "त्यो कुठं घावणार आता? हमाली सोडून घोडेगावला बैलांची दलाली करतोय." मी म्हटलं, माझं वाक्य नगरभर नेलं कोणी? सकाळी शेडमध्ये बोललेलं दुपारी स्टेशन रोडला पोचवलं ते त्यानेच, हे तुलाही माहीत आहे. ज्याने वाईट नेलं त्याला चांगलंही न्यायला मिळालं पाहिजे. रंगुबाई म्हणाली, "भाऊजी काय बेलापूरहून मोजाया येणार हायत का, धा का अकरा?"

ते मोजतील, मी म्हटलं. त्यांच्याकडे दादांचं व्हर्निअर आहे.

दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. मी सुट्टी टाकली, सकाळच्या एसटीने गेले, बैलांच्या गर्दीत पुंजारामला शोधून काढलं, आणि भाव ठरवायला रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं त्याच्या हातात होती तेव्हाच, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं की आमच्या गोरक्ष भाऊजींचा हात सरळ होता आणि जीभही.

चांगुणा